नऊ नंबरचे टाके

विम्याच्या माणसाला पाणी विचारायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. पण सोलापुरात पाचव्या दिवशी नळ येतो आणि तरीही दारात आलेल्याला आधी पाणी देतात. माझा हात आपोआप माठाकडे गेला. त्या पोरानं, सिद्धेश कामतनं, ते पाणी पिऊन मला धन्यवाद दिले, टॅब उघडला आणि माझ्या पंधरा बायकांपैकी एकीला काढून टाकायला सांगितलं.

तोंडानं नाही सांगितलं. ही माणसं तोंडानं काही सांगत नाहीत. त्यानं टॅबवर दोन दर दाखवले. एक आम्हाला परवडेल असा होता. दुसरा त्याच्या तिप्पट. पहिल्या दराखाली चौदा नावं होती, दुसऱ्याखाली पंधरा.

"निर्णय पूर्णपणे तुमचा आहे, मॅडम," तो म्हणाला.

मी महानंदा हत्तुरे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, चौदा शिलाई मशीनं, कटिंगचं, इस्त्रीचं आणि चेकिंगचं अशी तीन टेबलं, आणि पंधरा बायका. हिशेब माझे यजमान मल्लिनाथ बघतात. बाकी सगळं, आरडाओरडा धरून, माझ्याकडे असतं.

आरोग्यविम्यासाठी मी आठ महिने वणवण केली होती. पहिली कंपनी म्हणाली, वीस माणसांखाली गट होत नाही. मी विचारलं, मग पंधरा माणसांना तुमच्यात काय म्हणतात? त्यांनी फोन ठेवला. दुसरीचा दर ऐकून मल्लिनाथांनी मोबाइल कानापासून लांब धरला. तिसरीचा माणूस मला समजावायला लागला की प्रत्येकीची वेगवेगळी पॉलिसी काढा. म्हणजे मी बिनडोक आहे असं त्याला वाटलं असावं. वेगळ्या पॉलिसीत जुना आजार तीन वर्षं धरत नाहीत. गटात पहिल्या दिवसापासून धरतात, आणि घरच्यांचाही धरतात. फरक एवढाच आहे. आमच्या फरजानाच्या मुलीचा जीव तेवढ्याच फरकात अडकला होता.

फरजाना शेख नऊ नंबरच्या मशीनवर कॉलर शिवते. कॉलर शिवणं सगळ्यांना जमत नाही. तिची मुलगी अल्फिया सहा वर्षांची आहे आणि तिच्या हृदयाची एक झडप जन्मापासून अरुंद आहे. दोन जिने चढली की तिचे ओठ निळे पडतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन याच वर्षी करा, पुढच्या वर्षी हृदय फुगायला लागेल. फरजानाचा नवरा गुलबर्ग्याला दुसरं घर करून बसलाय. तिला जे काही मिळायचं ते माझ्या कारखान्यातूनच मिळणार होतं.

आणि सिद्धेशच्या पहिल्या यादीत नसलेलं नाव फरजानाचंच होतं.

मी विचारलं, काय आजार आहे तिला? तो म्हणाला, आजाराबद्दल आम्ही बोलूच शकत नाही, कायदा आहे. कायदा मलाही माहीत होता. चार वर्षांपूर्वी सरकारनं गटविम्यात रक्ततपासणी, जनुकांची तपासणी, जुन्या आजारांची चौकशी, सगळं बंद केलं होतं. पेपरात तेव्हा मोठे मथळे आले होते. आम्ही इथं पेढे वाटले होते. आमच्यासारखे मूर्ख आम्हीच.

तेव्हा मी त्याला दाराशी खुर्ची लावून बसवलं आणि सांगितलं की सगळं नीट समजावून दिल्याशिवाय मी तुला शेडबाहेर जाऊ देणार नाही. पोरगा घाबरला. पुण्याचा होता, सव्वीस-सत्तावीसचा. त्यानं समजावलं, आणि चांगलं समजावलं, हे मान्य करते.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या शाळांनी अट घातली होती की प्रत्येक मशीनवर सुईशेजारी कॅमेरा हवा. वाटाण्याएवढा असतो. तो प्रत्येक टाका बघतो आणि शिलाई वाकडी गेली की लाल दिवा लावतो. आम्हाला वाटलं होतं, त्याचं काम तेवढंच. पण मशीन कापड नुसतं पुढे ओढतं. कापड वळवतो तो बाईचा हात. कडेपासून शिलाई किती आत पडते, हे अंतर प्रत्येक टाक्याला केसाच्या जाडीइतकं कमीजास्त होतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. चांगल्या हाताची ही चूक कशीही होते, कधी आत, कधी बाहेर, तिला काही क्रम नसतो.

मेंदूच्या तळाशी, खोल आत, काळपट पेशींचा एक छोटा पट्टा असतो. त्या पेशी एक रसायन तयार करतात आणि त्या रसायनावर आपल्या हालचालींची लय चालते. कंपवातात त्या पेशी एकेक करून मरतात. हात थरथरताना माणसाला दिसतो तोवर निम्म्याहून जास्त मेलेल्या असतात. त्याच्या कितीतरी वर्षं आधी हातात एक थरथर सुरू झालेली असते, पण ती इतकी बारीक की त्या माणसालाही कळत नाही. अशा हाताची चूक मात्र कशीही होत नाही. ती तालात होते, सेकंदाला चार ते सहा वेळा, आत-बाहेर, आत-बाहेर. एका डॉक्टरीणबाईंनी शिलाईत हा ताल शोधून काढला होता. लोकांना आजार लवकर कळावा, त्यांनी लवकर गोळ्या सुरू कराव्यात, म्हणून शोधला होता. आता तशा गोळ्या आहेत. आजार बरा करत नाहीत, पण लवकर घेतल्या तर वर्षानुवर्षं थोपवून धरतात. बाईंचा शोध एका संस्थेनं घेतला, संस्थेकडून विमा कंपन्यांनी विकत घेतला.

"म्हणजे आमची परवानगी घेऊन डिसेंबरपासून तुम्ही जे टाके बघितले," मी म्हटलं, "ते शिलाईसाठी नव्हेच."

"ती कामाची गुणवत्ता आहे, मॅडम. वैद्यकीय माहिती नाही. कायद्यात बसतं."

"फरजानाला सांगितलंत?"

"नाही सांगता येत. आम्ही डॉक्टर नाही. ते निदान ठरेल."

आजार म्हणून सांगता येत नाही, पण आजार म्हणून भाव लावता येतो. आणि बाईला काढायचं काम तेही करणार नाहीत, ते मी करायचं. आमच्याकडे याला दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात. मी हे त्याला ऐकवलं. त्यानं मान खाली घातली, पण दर काही खाली आला नाही.

मल्लिनाथांचं मत सरळ होतं. एकीसाठी चौदाजणींना उघड्यावर टाकायचं का? तिप्पट दर भरला तर दिवाळीपर्यंत शेडला कुलूप लागेल, मग फरजानाही घरीच बसेल. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. मी त्यांना म्हटलं, मग तुम्हीच जाऊन तिला सांगा. ते चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मी नऊ नंबरजवळ जाऊन उभी राहिले. फरजाना कॉलरचं टोक वळवत होती. तिचा हात बघून कुणालाही वाटलं नसतं की त्यात काही बिघाड आहे. मी माझ्या मनाला सांगत होते, तुला दिसणार नाही, कॅमेऱ्याला दिसतं. ती म्हणाली, "काय बघायलाव अक्का, चुकलंय का काय?" मी नाही म्हटलं आणि बाजूला झाले.

सिद्धेशनं नऊ नंबरचा आलेख माझ्या मोबाइलवर पाठवला होता. मी तो जेवणाच्या सुट्टीत उघडला. सपाट रेघ, सपाट रेघ, मग एकदम करवतीसारखं दातरं. परत सपाट. परत दातरं. रोज नव्हतंच ते. खाली कंपनीच्या प्रोग्रॅमनं लिहिलं होतं की आजाराच्या सुरुवातीला लक्षणं अशीच येतात-जातात, ही पद्धत नेहमीची आहे. मी तारखा बघितल्या. दातरं दर पाचव्या दिवशी होती.

पुण्यात बसलेल्या त्या प्रोग्रॅमला रोज नळ येत असणार. माझ्या डोक्यात उजेड पडला.

आमच्याकडे पाण्याचा दिवस असतो. ज्या पेठेत नळ येणार, तिथली बाई मधेच उठून घरी जाते, दोन तास हंडे-पिंपं भरते आणि परत येते. पाणी चुकलं तर पाच दिवस मरण. ती गेली म्हणून तिचं मशीन बंद ठेवत नाहीत. शेजारची तिथं बसते आणि जाणारीच्याच नंबरवर शिवते, म्हणजे तिची मजुरी बुडत नाही. हे कुणी ठरवलेलं नाही. शेड सुरू झाल्यापासून असंच चालतं, आणि याची वर्दी कॅमेऱ्याला द्यावी असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. फरजानाच्या जागी मात्र कुणी शेजारीण बसू शकत नाही, कारण ती कॉलरची जागा. तिच्या पाण्याच्या दिवशी तिथं नरसम्मा बसते.

नरसम्मा दुडम म्हणजे सगळ्या शेडची अम्मा. आमची पहिली कॉलरवाली तीच. मोतीबिंदू झाल्यावर तिनं नऊ नंबर फरजानाला दिला, आपल्या हातानं शिकवून दिला, आणि स्वतः चेकिंगच्या टेबलाला गेली. त्या टेबलाला कॅमेरा नाही. म्हणून कंपनीच्या यादीत अम्मा अगदी निर्मळ होती.

मला जानेवारीतली गोष्ट आठवली. इस्त्रीवाली बाहेर गेली होती आणि इस्त्री पांढऱ्या शर्टांच्या ढिगावर तशीच राहिली होती. धूर निघत होता, अख्ख्या शेडभर जळका वास सुटला होता. अम्मा तिथून हातभर अंतरावर बटणं तपासत बसली होती. मी तिच्यावर केवढी ओरडले. ती म्हणाली, वास आला नाही गं. मी म्हटलं, नाक गहाण टाकलंस का? या आजारात सगळ्यात आधी वास जातो, असं सिद्धेशनं कालच मला सांगितलं होतं.

मी त्याला फोन लावला. नाव न घेता विचारलं, समजा त्या दिवशी नऊ नंबरवर दुसरंच कुणी बसत असेल तर? तो म्हणाला, मग सोपं आहे मॅडम, तसं लिहून द्या, कोण बसत होतं तेही लिहा. त्या व्यक्तीचे टाके घेऊ, जुळले की फरजाना शेख यादीत. आणि ती व्यक्ती? तो म्हणाला, ती व्यक्ती यादीत हवी असेल तर मग दुसरा दर लागेल. दुसऱ्या कुणाचं नाव दिलं तर? टाके जुळणार नाहीत. आणि त्या जागेवर पुन्हा कुणाला बसूच दिलं नाही तर? आधीचे टाके पुसले जात नाहीत, मॅडम.

म्हणजे एकीला वाचवायचं तर दुसरीला दाखवून द्यायचं. तेही खरं बोलून. खोटं बोलायची वेळ आली असती तर मला इतका संताप झाला नसता.

अम्माला सांगणं भाग होतं. तिच्या मेंदूत काय चाललंय हे पुण्यातल्या एका कंपनीला डिसेंबरपासून माहीत होतं आणि तिलाच माहीत नव्हतं. मी स्टूल ओढून तिच्या टेबलाशी बसले आणि जसं मला कळलं होतं तसं सगळं सांगून टाकलं. ती शर्टाचे धागे कापत ऐकत होती. कात्री थांबली नाही. माझं बोलून झाल्यावर तिनं आपले दोन्ही हात टेबलावर पसरले आणि बघितले. मीही बघितले. दोघींनाही काही दिसलं नाही.

"शेंगाचटणीचा वास येत नव्हता वर्षभर," ती म्हणाली. "मला वाटलं, शेंगाच खराब यायलेत." मग तिनं परत कात्री उचलली. "नंदा, माझं नाव लिहून टाक. मला अठ्ठावन्न लागलं. त्या लेकराला सहा आहेत."

"लेकराचं वय तुझ्या वयातून वजा करायला कुणी शिकवलं गं तुला?"

"मग काय करणार? दुसरं काय हाय?"

मी आवाज चढवला होता आणि शेडमध्ये एकेक मशीन थांबत गेलं. फरजाना उठून आली. काही लपवण्यात अर्थ नव्हता, पंधराजणींचा प्रश्न होता. मी सगळ्यांसमोर परत सांगितलं. या वेळी सांगताना मी कंपनीला कायकाय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फरजानाच्या डोळ्यांसमोर काय असेल ते मला माहीत होतं, जिन्यात बसलेली, निळ्या ओठांची पोरगी. तिनं हो म्हटलं असतं तर आमच्यापैकी कुणी तिला नावं ठेवली नसती. ती म्हणाली, "अम्माचं नाव दिलात तर मी उद्यापासून येणार नाही, अक्का. मला पाणी भरायला पाठवून ती माझ्या जागेवर बसत होती. त्याचंच हे करायचं?"

अम्मा तिला तेलुगूत काहीतरी रागावून बोलली. फरजानाला तेलुगू येत नाही, तरी तिनं उलट उत्तर दिलं. दोघी एकमेकींसाठी मरायला तयार झाल्या होत्या आणि मला दोघींचाही भयंकर राग आला. कुणीतरी कुठंतरी एक प्रोग्रॅम लिहितं आणि इथं माझ्या शेडमध्ये दोन भल्या बायका कोण आधी विहिरीत उडी मारायची यावर भांडतात. देवासारखं वागायची पाळी त्यांच्यावर का यावी? साधं माणसासारखं वागायला त्या कंपनीला काय धाड भरली होती?

मी म्हटलं, "उठा सगळ्याजणी. जागा बदला."

कुणाला कळलं नाही. मी परत सांगितलं. एक नंबरवाली पाचवर बसा, पाचवाली बारावर. फरजाना, तू बटणावर. अम्मा, तू दोनवर बस, दुपारी सातवर. उद्या परत बदला. सिद्धेशला लिहून द्यायचंय ना, नऊ नंबरवर कोण बसतं? लिहून देते. सगळ्या बसतात. आणि ते खोटं राहू नये म्हणून आजपासून तसंच बसायचं.

त्यामागचं गणित मी त्यांना सांगितलं. त्या प्रोग्रॅमची सगळी अक्कल एका गोष्टीवर उभी आहे, की एका नंबरवर एकच माणूस बसतं. ते मोडलं की त्याला ताल सापडेल, पण कुणाचा ते सापडणार नाही. अम्माची थरथर चौदा मशीनवर चिमूट-चिमूट पडेल. नऊ नंबरच्या जुन्या टाक्यांशी जुळवायला कुणा एकीचे सुटे टाके त्यांना मिळणारच नाहीत. आणि कायदा म्हणतो, गटाला एकच दर.

मे महिना होता. युनिफॉर्मवाल्यांसाठी मे म्हणजे वर्षाची कमाई, जूनमध्ये शाळा. त्या महिन्यात मी माझ्या शेडची लाइन माझ्याच हातानं मोडली. काजवाल्या बाया कॉलर शिवायला बसल्या, कॉलरी सशाच्या कानांसारख्या उभ्या राहिल्या. लाल दिवे दिवसभर पेटत होते. ढिगानं शर्ट उसवले, परत शिवले. बायका सकाळी लवकर यायच्या आणि उशिरा जायच्या. दोघी-तिघींनी माझ्या तोंडावर सांगितलं की हे परवडत नाही, हात चालत नाही, मजुरी पडत नाही. बरोबर होतं त्यांचं. मी त्यांच्यावरही ओरडले, मग संध्याकाळी भजी मागवली. एका शाळेची ऑर्डर वेळेत गेली नाही आणि पुढच्या वर्षीसाठी ती हातची गेली. मल्लिनाथांनी ते मला एकदाच सांगितलं, परत काढलं नाही. उलट एक दिवस बघते तर ते स्वतः अकरा नंबरवर बसून खिसा लावायचा प्रयत्न करत होते.

अम्मा मात्र खुशीत होती. पाण्याचा दिवस सोडून मशीनवर बसायला तिला वर्षांनी मिळालं होतं. ती रोज नव्या मशीनवर बसायची आणि शेजारणीला कॉलरचं टोक कसं काढायचं ते शिकवायची. महिना संपेस्तोवर आमच्याकडे एकाच्या जागी पाच कॉलरवाल्या तयार झाल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सिद्धेश आला. या वेळी मी पाणी विचारलं नाही. त्यानं टॅब उघडला, खाली ठेवला, परत उचलला.

"मॅडम, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो."

"प्रोग्रॅम प्रत्येक नंबरपुढे एकच लिहितोय: कामगार ओळखता येत नाही."

"मी गटाचा विमा मागितला होता," मी म्हटलं. "तुला गट दिला. आता त्याचा दर सांग."

त्यानं सांगितला. पहिल्या दरापेक्षा थोडा जास्त होता. बायकांशी मी आधीच बोलले होते. वरचा भार निम्मा शेडनं, निम्मा त्यांनी उचलायचा. पंधरा नावं लिहिली गेली, घरच्यांसकट. सही झाल्यावर त्यानं टॅब बॅगेत ठेवला. मग म्हणाला, मला पाणी मिळेल का. दिलं. पाण्यावर मी राग काढत नाही. पिऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला की त्यांना लवकर डॉक्टरांकडे न्या. कुणाला, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण तेवढं वाक्य पहिल्याच भेटीत का निघालं नाही तुझ्या तोंडातून, हे मी त्याला विचारलंच. तो बॅग खांद्याला लावून निघून गेला.

अल्फियाचं ऑपरेशन जुलैत झालं. आता ती जिने चढते आणि शेडमध्ये येऊन बॉबिनच्या रिळांचे मनोरे लावते. मी ओरडले की माझ्यावरच उलट ओरडते. तिच्यात ताकद आली, एवढं पुरे.

अम्माला मी त्याआधीच, पॉलिसीच्या पहिल्याच आठवड्यात, मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, डब्या हुंगायला दिल्या, मेंदूचा फोटो काढला. निदान तेच निघालं. गोळ्या लिहून दिल्या. भला माणूस होता. जाताना म्हणाला, "मावशी, सहा महिने आधी आला असता तर फार बरं झालं असतं. या आजारात सहा महिने मोठे असतात." अम्मानं माझ्याकडे बघितलं. सबंध रस्ताभर रिक्षात माझ्या दातावर दात होता.

त्या खर्चाचा क्लेम टाकल्यावर कंपनीकडून फोन आला. माणूस नव्हता, गोड आवाजाची मशीनबाई होती. पॉलिसी गटाची, म्हणून फोन माझ्याकडे. मी स्पीकर लावून मोबाइल चेकिंगच्या टेबलावर ठेवला. अम्मा समोर बसली होती. मशीनं थांबली.

बाईनं नाव, वय, पत्ता विचारला. मग विचारलं, "रुग्णाला आजाराची लक्षणं प्रथम कधी आढळली?"

"डिसेंबरात," मी म्हटलं. जुना आजार गटात धरतात, म्हणून या उत्तरानं काही बिघडणार नव्हतं. बिघडणार असतं तरी मी तेच दिलं असतं.

"धन्यवाद. लक्षणं प्रथम कोणाला आढळली? कृपया डॉक्टरांचं किंवा संस्थेचं नाव सांगा."

मी कंपनीचं नाव सांगितलं.

"क्षमस्व, उत्तर समजलं नाही. कृपया डॉक्टरांचं किंवा संस्थेचं नाव सांगा."

मी परत सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. बाई परत म्हणाली, क्षमस्व. तेव्हा नऊ नंबरवरून फरजाना उठली, टेबलाशी आली आणि मोबाइलवर वाकून तिनं ते नाव घेतलं. तिच्यामागून काजवालीनं घेतलं, मग इस्त्रीवालीनं. एकीमागून एक सगळ्यांनी घेतलं. कुणी ओरडलं नाही.

शेवटी अम्मानं मोबाइल जवळ ओढला. "डिसेंबरात, तुमालाच," ती म्हणाली आणि कंपनीचं पूर्ण नाव तिनं न अडखळता सांगितलं.

"नोंद केली आहे," बाई म्हणाली.

अम्मानं मोबाइल माझ्याकडे सरकवला, कात्री उचलली आणि पुढचा शर्ट तपासायला घेतला.